गढीची माती आणि रामाची अंगठी : डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या कामाकडे नाशिकमधून पाहताना



आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या लोकांनी विचारला. ‘सांकलियांनी नाशिकला खोदलं होतं ना? मग रामाचं काही सापडलं का?’ कोणी श्रद्धेनं विचारलं, कोणी खोचकपणे. या प्रश्नाचं उत्तर आम्ही देणार आहोत, पण ते एका वाक्यात देण्यासारखं नाही. आणि खरं सांगायचं तर खुद्द सांकलियांनाही या प्रश्नानं आयुष्यभर सोडलं नाही. आजचं व्याख्यान त्याबद्दलच आहे. सांकलियांचा गौरव इतरांनी पुष्कळ केला आहे. १९७४ साली त्यांना पद्मभूषणही मिळालं. आम्हाला त्यांचं काम तपासायचं आहे. कुठे ते पक्कं आहे, कुठे डळमळतं, आणि का.

आधी थोडी ओळख. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाबद्दलच्या ग्रंथाचं भाषांतर आलं आणि हा विषय आपण शिकायचा असं त्यांनी ठरवलं. ही आठवण त्यांनीच सांगितलेली आहे. आपण ती लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ साली पुस्तकरूपानं आला. मग लंडन. तिथे गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी., आणि त्याच काळात मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात प्रत्यक्ष काम. खड्डा सरळ कसा खणायचा, मातीचे थर कसे वाचायचे, हे त्यांनी तिथे पाहिलं.

परत आल्यावर नोकरी कुठे? इथे नशिबाची साथ मिळाली. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारनं बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. पहिल्याच तुकडीत सांकलिया, इरावती कर्वे, त्र्यं. शं. शेजवलकर, सु. मं. कत्रे अशी माणसं एका आवारात आली. अशी तुकडी महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला पुन्हा मिळाली असेल असं आम्हाला वाटत नाही. सांकलिया १९७३ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ ‘पुरातत्त्वासाठीच जन्मलेला’ असा होतो. ते १९७८ साली प्रसिद्ध झालं. हे नाव आम्हाला पटत नाही. माणूस संस्कृत शिकला, कायद्याची पदवी घेतली, आधी लेख आणि मूर्ती यांच्यावर काम केलं. प्रागितिहासाकडे ते वळले १९४१ साली, तेही पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांनी, का. ना. दीक्षितांनी, रॉबर्ट ब्रूस फूटनं साबरमतीच्या खोऱ्यात शोधलेली दगडी हत्यारं पुन्हा तपासायला सांगितलं म्हणून. म्हणजे तेहतिशीत नवा विषय हाती घेतला. जन्मजात काही नव्हतं. उलट ग्रंथ वाचून आलेला माणूस पुढे दगडाकडे आणि खापराकडे गेला, यातच त्यांचं मोठेपण आहे. आणि त्यांची अडचणही त्यातच आहे, ती आपण पुढे बघू.

आता नाशिक.

आपल्याकडे गावाला दोन माती असतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. माणूस शतकानुशतकं एके जागी राहिला की चुलीची राख, भिंतीची माती, जनावरांचं शेण, फुटकी भांडी साचून जमीन पांढुरकी होते आणि उंच होत जाते. शेतकरी ही माती गाड्या भरभरून शेतात नेतो, कारण ती खतासारखी असते. महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वाला ही पांढरीची टेकाडं म्हणजे दप्तरखाना. नाशिकला गंगेच्या काठी (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणणार) असं एक मोठं टेकाड आहे, जुनी मातीची गढी. १९५०-५१ च्या हंगामात सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खणायला घेतलं.

खड्डा जसजसा खाली गेला तसं काय दिसलं ते आपण उलट क्रमानं, म्हणजे तळातून वर पाहू. सगळ्यात खाली ताम्रपाषाणयुगाची निशाणी : अकीक-गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती आणि रंगवलेली खापरं. त्याच्या वर लोखंड आलं, आणि उत्तर भारतातून येणारी ती काळी, आरशासारखी चकाकणारी भांडी आली. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत नाशिकचा उत्तरेकडच्या शहरांशी व्यवहार होता. त्यावर सातवाहन काळ, रोमन जगाशी व्यापार चालू होता तो काळ. आणि सगळ्यात वर मुसलमानी आणि मराठा अमदानी.

यातला सातवाहनांचा थर आम्हाला विशेष वाटतो, तो अशासाठी. पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्यात गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार महिना एक टक्का व्याजानं, एक हजार पाऊण टक्क्यानं, आणि ते व्याज भिक्षूंच्या खर्चाला. दुसऱ्या एका लेण्याच्या दर्शनी भागावर नाशिकच्या लोकांनी गाव दान दिल्याचा लेख आहे. डोंगरावर दान देणाऱ्यांची नावं आहेत. पण हे दान देणारे राहत कुठे होते, जेवत कशात होते? ते डोंगर सांगत नाही, गढी सांगते. गढी खणेपर्यंत नाशिकचा हा काळ फक्त शिलालेखांतून माहीत होता. त्याला स्वयंपाकघर सांकलिया-देवांनी दिलं.

त्याच हंगामात ते आणखी एका ठिकाणी गेले. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर लागतं, तिथून थोडं बाजूला. तिथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली होती. तिथल्या उत्खननात एक विशिष्ट भांडं पुन्हा पुन्हा मिळालं. चाकावर घडवलेलं, नीट भाजलेलं, टिचकी मारली तर खणखणणारं, लाल अंगावर काळ्या रंगानं भौमितिक नक्षी, कंबरेत कंगोरा असलेले वाडगे, लांब नळीच्या तोटीची सुरई. आज महाराष्ट्रात कुठेही ते खापर मिळालं तरी त्याला ‘जोर्वे’ म्हणतात. नेवासे, दायमाबाद, इनामगाव, चांदोली, सगळीकडे ते आहे.

यानं काय बदललं? १९५० पूर्वी महाराष्ट्राच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं की सुरुवात अशोक किंवा सातवाहनांपासून व्हायची. त्याआधी दंडकारण्य, म्हणजे नुसतं रान आणि ऋषी. जोर्वेनंतर हे सांगणं बंद करावं लागलं. पुढे नेवासे आणि इतर स्थळांच्या कोळशाचे कार्बन-काल हाती आले आणि इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते ७०० या काळात इथे शेती करणारी, गुरं पाळणारी, तांबं वापरणारी खेडी होती हे पक्कं झालं. रान होतंच, पण रानात गावं होती. नाशिकच्या वरच्या अंगाला, गंगापूरच्या परिसरात, गोदावरीच्या गाळदगडांत सांकलियांना याहून कितीतरी जुनं मिळालं. काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची हत्यारं. १९५२ साली त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. शहराला आज पाणी येतं ते त्याच भागातल्या धरणातून. माणूस त्या पाण्यावर किती काळ आहे याचा अंदाज लिखित इतिहासातून करताच येणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती क्वचित सांगितली जाते. नाशिक-जोर्वेचा सविस्तर अहवाल १९५५ साली छापून आला. चार वर्षांत. आपल्या देशात उत्खनन होऊन दशकं उलटली तरी अहवाल न आलेली स्थळं थोडीथोडकी नाहीत. खणणं म्हणजे एका अर्थी नष्ट करणं; थर एकदा काढला की परत लावता येत नाही. अहवाल आला नाही तर ते स्थळ दोनदा गेलं. सांकलियांनी कोल्हापूरचं ब्रह्मपुरी असो, नेवासे असो, नवदाटोली असो, लिहिण्यात कुचराई केली नाही. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कीर्तीत ही बाब पहिल्या क्रमांकाची आहे.

आता उणं.

नाशिकचं उत्खनन उभं होतं. टेकाडावर मोजके खड्डे, खोल. त्यातून क्रम कळतो. गावच्या जमिनीचे फेरफार वाचावेत तसं : आधी हा, मग तो, मग तिसरा. पण फेरफार वाचून त्या घरातली सासू-सून कशी भांडत होती ते कळत नाही. गढीवर घरं किती मोठी होती, गल्ल्या होत्या का, श्रीमंत-गरीब वेगळे राहत होते का, याची उत्तरं त्या पद्धतीत मिळणं शक्य नव्हतं. हा दोष १९५० सालच्या सगळ्याच उत्खननांचा आहे. सांकलियांनी तो ओळखला, हे त्यांच्या बाजूनं. नवदाटोलीला त्यांनी आडवं, पसरट खणलं. आणि १९६८ पासून इनामगावला म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्यासह शंभराहून जास्त घरं उघडली. जमिनीखाली दोन रांजणांची तोंडं जोडून पुरलेली लहान मुलं, पावलं तोडून पुरलेली मोठी माणसं, धान्याच्या कणग्या, कालवा. एक अख्खं गाव दिसलं. नाशिकला मात्र परत कोणी त्या तऱ्हेनं गेलं नाही. गढीवर वस्ती आहे, ते सोपंही नाही. त्यामुळे शहराच्या जुन्या इतिहासाबद्दल आज आपण जे बोलतो ते अजूनही त्या थोड्या खड्ड्यांवर उभं आहे.

दुसरं उणं जास्त खोल आहे. शाळेत वाचलेला टिळकांचा ग्रंथ आठवतो ना? सांकलियांना खापर मिळालं की त्याच्या मालकाचं नाव हवं असायचं. पुराणांतली कुळं, आर्य, यादव, यांच्यापैकी हे कोण? नवदाटोलीला एक पन्हाळीसारख्या तोटीचा वाडगा मिळाला. तसा इराणमध्ये सियाल्कला मिळालेला होता. दोन्हींचं साम्य त्यांनी दाखवलं ते बरोबरच. पण त्या साम्यावरून लोकांची स्थलांतरं, आणि त्यातून आर्य, असा जिना ते चढू लागले. भांड्याचा आकार प्रवास करतो म्हणजे माणसंच प्रवास करतात असं नाही. आपल्या घरात चिनी मातीचे कप आहेत. म्हणून आपण चीनमधून आलो नाही. त्यांच्याच पुढच्या पिढीनं, विशेषतः ढवळीकरांनी, नावाचा प्रश्न बाजूला ठेवून पाऊस किती पडत होता, लोक काय पेरत होते, गाव का उठलं, असे प्रश्न विचारले. जोर्वेच्या लोकांची भाषा कोणती होती, ते आपल्याला माहीत नाही. खापरावर भाषा लिहिलेली नसते. पण ते बार्ली पिकवत होते हे माहीत आहे, आणि आमच्या दृष्टीनं ते जास्त आहे.

सांकलियांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की ते आपलं मत छापून बदलत. एका पुस्तकात लिहिलेलं पुढच्या पुस्तकात मागे घेत. यामुळे त्यांचे विरोधक त्यांना चंचल म्हणत. आम्हाला हा गुण वाटतो. आपल्या प्राध्यापक मंडळींत तो दुर्मीळ आहे, क्षमा असावी.

आणि आता तो प्रश्न.

निवृत्तीच्या सुमारास, १९७३ साली, सांकलियांनी रामायण मिथक की वास्तव या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं; १९८२ साली आणखी एक. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या आणि लोकांनी त्या एकच समजल्या. आपण वेगळ्या करू.

पहिली गोष्ट अशी. ग्रंथात आलेल्या वस्तू घ्यायच्या आणि उत्खननातून त्या वस्तू कधीपासून मिळतात ते पाहायचं. हनुमान सीतेला रामाचं नाव असलेली अंगठी देतो. नाव कोरलेली अंगठी भारतात रूढ झाली ती ग्रीकांशी संपर्क आल्यावर, असं सांकलियांचं म्हणणं. मग तो प्रसंग, निदान आज आहे त्या रूपात, त्यानंतरचा. तसंच उंच मजल्यांचे वाडे, तटबंद्या, नगरवर्णनं. म्हणजे रामायणाची कथा जुनी असेल, पण ग्रंथाला थर आहेत, गढीसारखेच. हा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. ग्रंथावरून मातीला नाव द्यायची त्यांची जुनी सवय इथे उलटी झाली. मातीवरून ग्रंथाचा काळ लावला. यात धोका नाही असं नाही. ‘सापडली नाही’ यावर आधारलेला युक्तिवाद उद्या एक अंगठी सापडली की कोसळतो. पण निदान कशानं कोसळेल ते आधीच माहीत आहे. चांगल्या युक्तिवादाची ही खूण असते.

दुसरी गोष्ट भूगोलाची. लंका म्हणजे आजची श्रीलंका नाही. ती मध्य भारतात, जबलपूर-छोटा नागपूरच्या पट्ट्यात कुठेतरी असावी, असं त्यांनी मांडलं. हे मत त्यांच्या आधी परमशिव अय्यर यांनीही १९४० साली मांडलं होतं. सांकलियांचा एक आधार शाल वृक्षाचा. कथेतली रानं शालवृक्षांची आहेत, आणि शाल दक्षिणेत होत नाही. इथे मात्र आमचं त्यांच्याशी जमत नाही. कवी झाडं सर्वेक्षण करून लावत नाही. ज्यानं शालवन पाहिलं आहे तो कुठलंही घनदाट रान शालाचंच रंगवेल. आपल्याकडच्या कवितेत कमळं फुलतात तितकी तळी तरी कुठे आहेत? शिवाय ज्या ग्रंथाचे थर वेगवेगळ्या काळातले आहेत असं तुम्हीच दाखवलं, त्याच ग्रंथातला भूगोल एकसंध, एका प्रवासाचा मानून नकाशा कसा काढायचा? पहिल्या गोष्टीनं दुसरी कापली जाते. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

आणि नाशिकच्या माणसाला यात काय बोचतं ते उघड आहे. लंका जबलपूरकडे नेली तर पंचवटी गोदाकाठी राहते कशी? शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, हे आपण लहानपणापासून ऐकलं. सांकलियांवर त्या काळी जे रागावले त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण त्यांनी रागावण्याऐवजी वर सांगितलेला अंतर्विरोध दाखवला असता तर ते जिंकले असते. आणि जे त्यांच्यावर खूष झाले, श्रद्धाळूंची जिरवली म्हणून, त्यांनीही पुस्तक नीट वाचलं नव्हतं. सांकलिया रामकथेला खोटं म्हणत नव्हते. तिच्या मुळाशी काही ऐतिहासिक असावं या बाजूचेच ते होते.

तर, रामाचं काही सापडलं का? नाही. सापडलं नाही याचा अर्थ राम नव्हता असाही होत नाही. गढीच्या तळाशी शेतकरी होते, त्यांची पाती आणि खापरं होती. त्यांच्यापैकी कोणाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि त्या खड्ड्यातून ते कधी कळणारही नव्हतं. पंचवटीचं स्थान भक्तीत आहे, काळारामाच्या मंदिरात आहे, तिथे दर्शनाला येणाऱ्या माणसांत आहे. त्याला गढीच्या दाखल्याची गरज नाही. आणि गढीलाही पंचवटीच्या शिफारशीची गरज नाही. आमची तक्रार अशी की गेली सत्तर वर्षं आपण गढीला एकच प्रश्न विचारत आलो, ज्याचं उत्तर तिच्याकडे नाही. आणि जी उत्तरं तिनं दिली ती ऐकली नाहीत.

याचा थोडा दोष सांकलियांकडेही जातो. त्यांचे अहवाल इंग्रजीत, विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी. मराठीत त्यांनी म. श्री. माटे यांच्यासह ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ लिहिलं ते १९७६ साली, नाशिकच्या उत्खननानंतर पंचवीस वर्षांनी. तोवर गोदाघाटावर मे महिन्यातली व्याख्यानं ऐकत वाढलेल्या या गावाच्या दोन पिढ्यांना आपल्या पायाखाली काय निघालं ते नीट कोणी सांगितलं नव्हतं. रिकामी जागा राहिली की तिथे अफवा येऊन बसते.

शेवटी श्रोत्यांपैकी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती घेतो. त्या लिहितात, पावसाळ्यात गढीची माती ढासळते तेव्हा खापरं खाली येतात. मुलांनी काही गोळा करून ठेवली आहेत, चालेल का? ताई, खाली पडलेलं खापर मुलांनी उचललं म्हणून आम्ही रागावणार नाही. पण उभ्या कडेत अडकलेलं खापर ओढून काढू देऊ नका. एक तर दरड अंगावर येण्याची भीती. दुसरं असं की कडेत आहे तोवर ते कोणत्या थरातलं हे सांगता येतं. हातात आलं की त्याचा पत्ता गेला. तिथल्या तिथे शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा, आणि पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात दाखवा. आणि गोळा केलेल्यांत लाल अंगावर काळ्या रेघांचं, टिचकी मारल्यावर वाजणारं एखादं असेल, तर ते आम्हालाही बघायला आवडेल.